हुमणीवर बुरशीची मात्रा, पण वेळ साधली तरच

धाराशिव : ऊस व सोयाबीनची मुळे कुरतडणाऱ्या हुमणी अळीसाठी शेतकऱ्यांची भिस्त अनेक वर्षे फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर होती. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून या अतिविषारी औषधावर बंदी आली. त्यामुळे 'मेटारायझियम' या कीडनाशक बुरशीचे महत्त्व वाढले आहे. मात्र औषध बदलले तरी वापराची सवय तीच राहिली, तर हा पर्यायही निष्प्रभ ठरण्याची भीती आहे.

ही बुरशी नवी नाही. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८७९ मध्येच धान्यावरील भुंग्यांच्या अळ्यांवर तिचे प्रयोग केले होते. बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटून रुजतात व शरीरात शिरतात. काही दिवसांत अळी मरते, तिच्यावर हिरवट थर चढतो आणि त्यातून नवे बीजाणू जमिनीत पसरतात.

परंतु ही बुरशी सजीव असल्याने तिला ओल लागते. पावसात वारंवार खंड पडणाऱ्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात हाच कळीचा मुद्दा आहे. वळवाच्या पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगे सायंकाळी बाहेर पडून कडुनिंब, बाभळीवर जमतात व नंतर जमिनीत अंडी घालतात. जून-जुलैमध्ये अळ्या लहान असताना, ओलसर जमिनीत कुजलेल्या शेणखतातून बुरशी दिल्यास परिणाम साधतो. प्रत्यक्षात पीक पिवळे पडून वाळू लागल्यावरच शेतकरी दुकान गाठतो. तोवर अळ्या मोठ्या झालेल्या असतात. मग दोष बुरशीच्या माथी येतो.

दुसरा प्रश्न दर्जाचा आहे. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिलेल्या पाकिटातील बीजाणू निकामी होतात. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट जैविक कीडनाशके तयार करतात. हा ताजा माल पेरणीपूर्वी गावापर्यंत पोहोचविणे आणि दुकानांतील नमुने तपासणे, ही जबाबदारी कृषी विभाग व साखर कारखान्यांना टाळता येणार नाही.

शिवाय भुंगे बांध ओळखत नाहीत. एकट्याने बुरशी टाकून उपयोग मर्यादितच; पहिल्या पावसानंतर संपूर्ण गावाने प्रकाश सापळे लावून व झाडे हलवून भुंगे नष्ट केले, तरच पुढचे काम बुरशीच्या आवाक्यात येईल.