दोन पडदे आणि एक पाठ

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाविषयी लिहायचे म्हणजे एकतर तक्रार करायची किंवा भारावून जायचे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. मला या लेखात दोन्ही टाळायचे आहे. एका जुन्या संगणकाला दोन पडदे जोडले, आणि तेही मुक्त प्रणालीवर, एवढीच गोष्ट सांगायची आहे. ती सांगण्याचे कारण मात्र तांत्रिक नाही. पाठचिकित्सेचे महत्त्व आपण वर्गात शिकवतो, पण विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष पाठ पडताळून घेण्याची वेळ आली की काढता पाय घेतो. या टाळाटाळीचा काही भाग तरी टेबलावरच्या जागेशी निगडित आहे, असे माझे मत होत चालले आहे.

ज्ञानेश्वरीचेच उदाहरण घेऊ. ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे इ.स. १२९० चा. एकनाथांनी तो शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, शुद्ध करून घेतला. राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून १९०९ साली आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. या दोन परंपरांमधला एका ओवीचा फरक पाहायचा, तर दोन्ही पाने एकाच वेळी डोळ्यांसमोर असावी लागतात आणि टिपणासाठी तिसरी जागा लागते. भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी चौकटी आखलेली पडताळणी-पत्रके वापरली गेली. वर प्रमाण धरलेला श्लोक, अक्षरागणिक एक रकाना आणि खाली पोथ्यापोथ्यांतील भेद, अशी ती व्यवस्था होती. स्मरणशक्तीवर विसंबायचे नाही, हा तिच्यामागचा विचार.

आमच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी अशीच एका अध्यायाच्या पाठभेदांची यादी केली. पाने स्कॅन केलेली होती, पडदा एकच होता. ती एक खिडकी उघडून ओवी वाचायची, मग दुसरी उघडून तीच ओवी वाचायची आणि तिसरीत फरक नोंदवायची. यादी तपासायला घेतली तेव्हा अकरा ठिकाणी मूळ पानावर जुने रूप होते आणि नोंदीत परिचित रूप उतरले होते. तिला मी निष्काळजी म्हणणार नाही. एका खिडकीतून दुसरीत जाताना दोन-तीन सेकंद शब्द मनात धरावा लागतो, आणि तेवढ्यात मन त्याला आपल्या सवयीचे वळण देऊन टाकते. जुन्या लेखनिकांच्या हातून नेमके हेच घडत असे. पाठभ्रंश कसा होतो हे ज्या मुलीला आपण शिकवले, तिच्याच हातून तो व्हावा अशी सोय आपण करून ठेवली होती.

त्याच सुमारास विभागातल्या जुन्या यंत्रांच्या निर्लेखनाचा कागद फिरत होता. एक संगणक, त्याचा रुंद पडदा आणि सतरा इंची, जवळजवळ चौकोनी असा आणखी एक पडदा. यंत्र चालू स्थितीत होते. त्यावरच्या प्रणालीला मिळणाऱ्या सुधारणा तेवढ्या बंद झाल्या होत्या. आम्ही निर्लेखन थांबवले आणि त्यावर डेबियन ही लिनक्सची वितरणप्रत आणि जुन्या यंत्राला झेपेल असे एक्सएफसीई हे कार्यपटल बसवले. यापुढची दोन दुपारची हकीकत थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी कुणी हे करायला गेले तर त्यांच्या वाट्यालाही ती येईल.

पहिली अडचण तारांची. एक तार मूळ बोर्डावरच्या जागेत आणि दुसरी नंतर बसवलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या जागेत खोचली होती. कार्ड बसवले की बोर्डावरची जागा बंद व्हावी, अशी योजना अनेक यंत्रांत असते, आमच्यातही होती. दोन्ही तारा कार्डाला जोडल्यावर दुसरा पडदा उजळला. दुसरी अडचण अशी, की त्या चौकोनी पडद्याची स्वाभाविक मापे १२८० गुणिले १०२४ बिंदू, पण प्रणाली त्याला १०२४ गुणिले ७६८ च्या पुढे जाऊ देईना. पडदा आपली ओळख आणि क्षमता तारेतूनच संगणकाला कळवत असतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. आमच्या जुन्या व्हीजीए तारेत तो निरोप पोहोचवणारी जोडणीच तुटलेली निघाली. निरोप न मिळाल्याने प्रणालीने सावध अंदाज बांधला होता. तार बदलली आणि प्रश्न मिटला. तार मिळाली नसती, तर ‘एक्सरँडआर’ या आज्ञेने ती मापे हाताने सांगता आली असती.

मग मांडणी. चौकोनी पडदा आम्ही स्टँडवरून काढून उभा केला आणि सेटिंगमध्ये चित्र नव्वद अंशांत फिरवले. आता डावीकडे १९२० गुणिले १०८०, उजवीकडे १०२४ गुणिले १२८०. प्रणालीच्या दृष्टीने हे दोन पडदे नसतातच. २९४४ बिंदू रुंद आणि १२८० बिंदू उंच असे एकच अदृश्य पटल असते, आणि पडदे म्हणजे त्याच्यावर उघडणाऱ्या दोन खिडक्या. डावा पडदा २०० बिंदूंनी आखूड असल्याने उजव्या पडद्याच्या तळातून बाण डावीकडे न्यायला गेले की तो अदृश्य भिंतीला थडकतो. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटले की माउस बिघडला. अशी दृश्य मांडणी चालू स्थितीत बदलण्याची सोय फार जुनी नाही. एक्स विंडो ही यंत्रणा १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. पण तारा जोडाव्यात आणि पडदे हवे तसे मांडावेत, हे सहज शक्य झाले ते तिच्या रँडआर या भागाची १.२ ही आवृत्ती २००७ साली आल्यावर. तोवर पडद्यांचे वर्णन एका फाइलीत हाताने लिहायचे आणि यंत्रणा पुन्हा सुरू करायची, हाच रिवाज होता.

आता उभ्या पडद्यावर छापील आवृत्तीचे पूर्ण पान दिसते. आडव्यावर अर्ध्या भागात दुसरी प्रत, उरलेल्या अर्ध्यात टिपण. विद्यार्थिनीने तीच यादी नव्याने केली. वेळ फारसा वाचला नाही, हे मुद्दाम नमूद करते. नोंदी मात्र मूळ पानाशी जुळल्या.

एका सहकाऱ्यांचा आक्षेप असा, की एकाच पडद्यावर दोन खिडक्या शेजारी ठेवल्या असत्या तर हा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे, पण पान उभे असते आणि पडदा आडवा. पडदा दुभागला की एकतर पान वाचता येणार नाही इतके लहान होते, किंवा अर्धेच दिसते आणि उरलेल्यासाठी सरकवत बसावे लागते. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. दुसरा पडदा म्हणजे विचलनाला दिलेली कायमची जागा, असे ते म्हणाले. त्याला यंत्रात उत्तर नाही. आमच्या विभागात त्या यंत्रावर टपाल आणि निरोप उघडायचे नाहीत असा नियम केला आहे आणि तो बहुतेक वेळा पाळला जातो.

आता मुक्त प्रणालीच का, हा प्रश्न. फुकट मिळते म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. आमच्या दोन दुपारी कुणी मोजल्या तर ती फुकटही नव्हे. आपल्या वर्तुळात दुसरे एक उत्तर हल्ली ऐकू येते. ‘आपली संतपरंपरा हाच मूळचा ओपन सोर्स. ग्रंथ सर्वांचा, कुणीही उतरून घ्यावा, कुणीही भर घालावी.’ हे ऐकायला गोड आहे, पण पाठचिकित्सकाने तरी त्याला मान डोलावू नये. कुणीही भर घातली आणि ती कुणी, केव्हा घातली हे कुठेच लिहून ठेवले नाही, म्हणून तर प्रक्षेपांचा प्रश्न आपल्यापुढे उभा राहिला. ग्रंथ शुद्ध केल्यावर एकनाथांना, यात कुणी आपली ओवी घालू नये, असे बजावावे लागले ते याच अनुभवातून.

लिनक्सच्या गाभ्याला लागू असलेला जीपीएल परवाना, त्याची १९९१ सालची दुसरी आवृत्ती, या संदर्भात वाचण्यासारखी आहे. तीत बदलाला मोकळीक आहे. परंतु बदललेल्या फाइलीवर आपण बदल केला आणि तो कोणत्या तारखेला केला, याची ठळक नोंद करून मगच ती पुढे द्यावी, अशी अट आहे. २००५ साली लिनक्सच्याच कामासाठी तयार झालेल्या गिट या साधनाने तर प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली हे मागे जाऊन पाहता येते. म्हणजे एकनाथांनी ज्या रोगावर बंदीचा उपाय केला, त्याच रोगावर येथे नोंदीचा उपाय आहे. आपली हस्तलिखित परंपरा खुली होती, पण नोंदीविना खुली होती. मुक्त आज्ञावली खुली आहे आणि तिला तळटीपाही आहेत. हे साम्य नव्हे, हा भेद आहे. आणि आपल्याला शिकण्यासारखे जे आहे ते या भेदात आहे.

बंदिस्त प्रणाली मला त्या संपादित आवृत्त्यांसारखी वाटते, ज्यांत पाठ सुबक छापलेला असतो पण तो कशावरून ठरवला ते सांगितलेले नसते. ती पुष्कळदा उत्तम चालते. बिघडली की मात्र वाचकाच्या हाती काही उरत नाही. आमचा दुसरा पडदा मापे का मानत नाही, हे आम्हाला प्रणालीनेच ठेवलेल्या नोंदवहीतून कळले. पडद्याचा निरोप मिळाला नाही, असे तीत स्पष्ट लिहिलेले होते. अर्थात इंग्रजीत.

माझी खरी तक्रार येथे आहे, आणि ती आपल्याविषयीच आहे. ही नोंदवही, ही माहितीपुस्तके, अडलेल्यांचे प्रश्न आणि जाणत्यांची उत्तरे सर्वांना खुली आहेत, पण मराठीतून एम.ए. करणाऱ्या मुलीला ती अर्धीच खुली आहेत. ‘एक्स्टेंड’ला विस्तार म्हणावे की जोड, ‘प्रायमरी’ला मुख्य म्हणावे की आद्य, असले प्रश्न आम्हाला दोन दुपारी सारखे पडत होते. परिभाषेवर परिसंवाद भरवणारे आपण, आपल्या टेबलावरच्या यंत्राची मांडणी मराठीत लिहून ठेवत नाही. संगणकाच्या माणसाला बोलावतो, तो दहा मिनिटांत काहीतरी करून जातो, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलावतो. आपला पाठ कसा तयार झाला हे न विचारणारा वाचक आपल्याला चालत नाही. मग आपण स्वतः तसे वाचक का व्हावे?

माझी सूचना लहान आहे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या प्रत्येक विभागाने निर्लेखनात जाणारा एक तरी पडदा अडवावा, तो उभा करून दुसऱ्या पडद्याशेजारी ठेवावा, आणि हे करताना काय अडले आणि कसे सुटले ते दोन पाने मराठीत लिहून यंत्राजवळ ठेवावे. खाली नाव आणि तारीख घालावी. पुढे येणारा त्यात दुरुस्ती करील. त्यानेही आपले नाव आणि तारीख घालावी.

आमच्या दोन पानांवर आतापर्यंत तीन दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यांतली एक माझ्या चुकीची आहे: तार उजव्या बाजूच्या जागेत लावावी असे मी लिहिले होते, ती डावीकडची निघाली. माझी ओळ खोडलेली नाही. तिच्याखाली दुसऱ्या अक्षरात दुरुस्ती आहे, आणि दोन्ही वाचता येतात.