रस्त्याचा पैसा आपल्याच पट्टीतून



५ जून २०२५ रोजी शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पुरा झाला. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. वर्धा, अमरावती, वाशीमच्या कपाशीच्या काळ्या रानातून तो जातो. त्यावर ट्रॅक्टरला बंदी आहे. असू द्या, एवढ्या वेगाच्या रस्त्यावर ट्रॅक्टर नसलेलाच बरा. आमचा सवाल एवढाच, की मोठे रस्ते बांधायचा आणि राखायचा पैसा येतो कुणाच्या खिशातून?

टोल पाहा. १ जून २०१५ पासून राज्यातले १२ नाके बंद झाले आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारी, जीप, एसटीला माफी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच वेशींवर पुन्हा हलक्या वाहनांनाच माफी. मालट्रक भरतोच आहे. रहिमतपूरचा माल पुण्याला निघाला की आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे दोन नाके लागतात. ट्रकवाला टोल भाड्यात धरतो, भाडे आपल्या पट्टीतून कापले जाते. हमाली, तोलाई, भाडे असे लिहिलेले असते; टोल हा शब्द पट्टीवर नसतो, म्हणून कुणी हिशेब विचारत नाही.

दुसरे डिझेल. त्यावर रस्त्यांसाठी उपकर आहे. २००० साली त्याचा कायदा झाला. बांधाबाहेर न गेलेल्या नांगरटीच्या डिझेलवरही तो लागतो! याच पैशातून ग्रामसडक योजना उभी राहिली, हे मान्य. पण त्या रस्त्याची देखभाल ठेकेदाराकडे पाचच वर्षे. पुढे राज्याने पाहायचे, आणि राज्य कसे पाहते ते आपण रोज चालतो आहोत.

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ज्वारी-कपाशीला ओल पुरवते तीच डांबराखालचा पाया हलवते. गटार मोकळे, साइडपट्टीवर मुरूम, भेग दिसताच डांबर, एवढ्यावर असा रस्ता टिकतो. भेगेतून दोन पावसाळे पाणी मुरले की खडी उखडते आणि मग नवाच रस्ता करावा लागतो.

आमची मागणी अशी: शेतात जळणाऱ्या डिझेलचा उपकर तालुकावार हिशेब करून गावरस्त्यांच्या देखभालीला द्या. तोवर एक काम करा. योजनेच्या रस्त्यावरच्या फलकावरून देखभालीची मुदत उतरवून बैठकीला घेऊन या. मुदत शिल्लक असेल तिथे ठेकेदाराला कामाला लावू, संपली असेल तिथे जिल्हा परिषदेत जाऊन बसू.