जुन्या अक्षरांची धर्मशाळा

शंभर वर्षांपूर्वीचे छापील पुस्तक आजही कपाटातून काढून वाचता येते. त्यासाठी उजेड, दृष्टी आणि अक्षरओळख एवढ्याच गोष्टी लागतात. संगणकातील लेखनाचे तसे नाही. ते ज्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, तयार झाले ती आज्ञावली लागते. ती चालविणारी कार्यप्रणाली लागते. आणि त्या कार्यप्रणालीस मानवणारे यंत्रही लागते. या साखळीतील एक कडी निखळली, की पंचवीस वर्षांपूर्वीचा मजकूरही परका होतो.

मराठी भाषेला ही अडचण विशेष जाणवते. १९९० च्या दशकात मुद्रणालयांतील अक्षरजुळणी संगणकावर आली, तेव्हा सर्व लिप्यांना सामावून घेणारी युनिकोड ही संकेतपद्धती येथे रुळलेली नव्हती. निरनिराळ्या कंपन्यांच्या मराठी फॉन्टची संकेतरचना वेगवेगळी असे. अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की मराठी वाक्याऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. शिवाय विंडोज ३.१ च्या काळातील सोळा बिटांच्या आज्ञावली २०२१ साली आलेल्या विंडोज ११ वर थेट चालत नाहीत.

या अडचणीवर एक चांगला उपाय आहे. तो म्हणजे आभासी यंत्र. नव्या संगणकावर बसविलेली एक विशेष आज्ञावली त्याच्या स्मृतीचा व साठवणीचा काही भाग वेगळा काढते आणि त्यातून जणू दुसरा संगणक उभा करते. या दुसऱ्या संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे प्रत्यक्षात पहिल्या संगणकावरील एक मोठी फाइल असते. त्यात विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपी बसविली, की जुनी आज्ञावली आपल्याच काळात असल्यासारखी चालू लागते. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली होती. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने ती वैयक्तिक संगणकापर्यंत पोहोचविली.

काहींना हा सारा खटाटोप व्यर्थ वाटतो. जुने टाकावे आणि नवे घ्यावे, असे ते म्हणतात. यंत्राविषयी हे म्हणणे योग्य आहे, मजकुराविषयी नाही. मोडी लिपीचा वापर मागे पडला आणि पुण्याच्या पुरालेखागारातील असंख्य कागद मूठभर जाणकारांवर अवलंबून राहिले. कागद नष्ट झाले नाहीत, वाचणारे उणे झाले. संगणकातील जुन्या मराठी फाइलींची गत याहून वेगळी होईल, असे मानण्यास आधार नाही.

तथापि आभासी यंत्र ही धर्मशाळा आहे, घर नव्हे. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये थांबल्या. म्हणून असे यंत्र महाजालापासून दूर ठेवणेच शहाणपणाचे. काही मराठी आज्ञावलींसोबत संगणकाच्या मागे जोडावयाचे कुलूप येत असे. ते हरवले असेल, तर आभासी यंत्रही हतबल ठरते. मूळ तबकड्या, परवाने आणि कुलपे जपून ठेवली पाहिजेत, ती याचसाठी.

खरे काम त्यापुढचे आहे. जुन्या आज्ञावलीत फाइल उघडावी, तिची छापील प्रत काढावी, मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा आणि त्या प्रतीशी ताडून पाहावा. हे ताडणे टाळता येत नाही. कारण रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे हटकून बिघडतात. ही चूक यंत्राला कळत नाही, मराठी वाचणाऱ्या माणसालाच कळते.

त्या आज्ञावली हाताळलेले अनेक जुळारी आज हयात आहेत. ग्रंथालये, मुद्रणालये आणि संस्थांनी त्यांच्या मदतीने हे काम आताच हाती घेतले पाहिजे. धर्मशाळेचे दार उघडे आहे, तोवरच आतले सामान बाहेर काढता येते.