कणा मोडतो, पण जीव जातो मूत्रपिंडाने

शेतकऱ्याचे कंबरडे मोडले, असे आम्ही दर सभेत म्हणतो. आज खरोखरीच मोडलेल्या कंबरेविषयी बोलायचे आहे. शेळ्यांना पाला काढताना कडुनिंबावरून पडलेला, विहिरीच्या कामावर घसरलेला, ट्रॅक्टर उलटून सापडलेला माणूस आपल्या तालुक्यात कोणाला ठाऊक नाही? दवाखान्यातून तो घरी येतो, ओसरीवर बाजेला खिळतो आणि पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत जातो. गाव म्हणते, पाठच मोडली होती, जायचाच होता. आम्हांला हे मान्य नाही.

मज्जारज्जूला मार बसला की पाय जातात, ते सगळ्यांना दिसते. लघवीच्या पिशवीचा ताबाही त्याच रज्जूतून चालतो, हे दिसत नाही. पिशवी तुडुंब भरते, रोग्याला कळत नाही. थेंब थेंब गळून धोतर ओले होते आणि घरच्यांना वाटते, लघवी होते आहे. ते तर भरलेल्या तळ्याच्या सांडव्याचे पाणी! आत तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, दाब उलटा मूत्रपिंडावर येतो. संवेदनाच नाही, तर दुखणार काय? माकडहाडावरच्या जखमेचीही तीच गत. हाड दिसेपर्यंत रोग्याला पत्ता नसतो.

मार मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर भरलेल्या पिशवीने रक्तदाब एकाएकी चढतो. डोके फुटेल असे दुखते, घाम सुटतो. तेव्हा डोकेदुखीची गोळी देत बसू नका. रोग्याला उठवून बसवा, आधी लघवी काढा, तरी न उतरल्यास तडक दवाखाना.

पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक लघवीतल्या जंतूंनी आणि पाठीच्या जखमांनी मेले. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेविल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रोग्यांसाठी वेगळा विभाग उघडला. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची आणि लघवीची नीट व्यवस्था ठेवायची, हा तिथला मुख्य नेम. माणसे जगू लागली. १९७२ साली अमेरिकेत डॉ. लॅपिडीस यांनी दाखवले की, हात धुऊन साध्या स्वच्छ नळीने रोग्याने स्वतः दिवसातून चार-सहा वेळा लघवी काढली तरी भागते.

म्हणजे कोरडवाहू घरातही हे जमण्यासारखे आहे. फक्त कूस बदलणार कोण? घरची बाईच. दिवसभर कापूस वेचायचा आणि रात्री दर दोन तासांनी उठायचे. ही मजुरी कोणत्याच हिशेबात धरलेली नाही.

सरकारचा हिशेब अवयवांचा. २०२३ च्या शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजनेत दोन अवयव निकामी झाले तर २ लाख, एक झाला तर १ लाख. ते सोडू नका, वेळेत अर्ज करा. पण पुढे मूत्रपिंड गेले तर काय? आमची मागणी अशी की, घरी सोडण्याआधी रोग्याला आणि घरच्यांना नळी घालणे, कूस बदलणे शिकवलेच पाहिजे. नळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाव्यात. वर्षातून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी तालुक्याच्या गावी व्हावी.

जिल्हा बैठकीला येण्याआधी आपल्या गावातल्या अशा घरी जाऊन या. नळी कोणी शिकवली का, रात्री कोण उठते, विचारा. लघवीचे बोलायला तो माणूस लाजेल. त्याच्या बायकोला विचारा, तिला सगळे ठाऊक असते.