खरी कात्री घसाऱ्याची



‘विमा असूनही भुर्दंड’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांचा संताप रास्त आहे, सक्तीच्या कपातीवर धरलेला नेम मात्र चुकला. दुचाकीच्या प्रमाणित पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीवर सक्तीची कपात असते ती अवघी १०० रुपये. खरी कात्री लागते घसाऱ्याची: प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर थेट ५० टक्के. आणि हल्लीच्या गाड्यांत प्लॅस्टिकच फार! ‘झिरो डेप’ हे पूरक संरक्षण घेतल्यास हा घसारा बहुतांशी टळतो, सक्तीची कपात नाही. हप्ता कमी व्हावा म्हणून ऐच्छिक कपात स्वीकारली असेल, तर तीही प्रत्येक दाव्यात वजा होते. एजंट हे क्वचितच सांगतात. पत्रलेखकांनी सर्वेक्षकाचा हिशेब लेखी मागून पॉलिसीच्या शेड्यूलशी ताडून पाहावा.

— एक वाचक, सातारा