पाठीराख्याला गाव विचारू नका

फुटबॉलच्या गप्पा रंगल्या की एक टोमणा हमखास येतो: "तू मँचेस्टरला कधी गेलायस का?" सोलापूरच्या, नाशिकच्या, ठाण्याच्या मुलाने मँचेस्टर युनायटेडचा लाल टी-शर्ट घातलेला दिसला की कुणीतरी हे विचारतंच. या टोमण्यामागे एक पक्का समज आहे. क्लब हा गावाचा असतो, त्या गावात जन्मलेला आणि बापाचा हात धरून मैदानावर गेलेला तोच खरा पाठीराखा, बाकी सगळे टीव्हीसमोरचे बघे. इंग्लंडमध्ये अशांना 'प्लॅस्टिक' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडेही आता सर्रास वापरला जातो. हा समज मला साफ अमान्य आहे. तो फुटबॉलच्या इतिहासाला धरून नाही, आणि त्याचा सर्वात मोठा तोटा आपल्याच फुटबॉलला होतो.

समोरच्या बाजूचं म्हणणं मात्र हलकं समजू नये. त्यांच्या हातात एक भक्कम दाखला आहे. 2002 मध्ये लंडनच्या विम्बल्डन क्लबला सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स शहरात हलवायला परवानगी मिळाली. मालकांना तो व्यवहार वाटला, पाठीराख्यांना ती चोरी वाटली. त्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या गवतावर निवडचाचण्या घेतल्या आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली. नऊ वर्षांत, 2011 ला, ते पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आले आणि 2020 मध्ये प्लाऊ लेन या आपल्या जुन्या भागात परतले. हे वाचून कुणीही म्हणेल की गाव आणि क्लब वेगळे करताच येत नाहीत. पावसात उभा राहणारा, तिकीट काढणारा, वाईट मोसमातही दर शनिवारी येणारा माणूस क्लबला जगवतो हेही खरं. हजारो मैलांवर सोफ्यावर बसलेल्या माणसाने स्वतःला 'आम्ही' म्हणवून घेणं त्याला खटकलं तर ते समजण्यासारखं आहे.

पण मग आर्सेनलचं काय करायचं? हा क्लब 1886 मध्ये लंडनच्या आग्नेय भागात, वूलिचच्या शाही शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी काढला. नाव कारखान्याचं, खेळाडू कारखान्याचे, प्रेक्षकही तिथलेच. पण गर्दी पुरेशी होईना, पैसा पुरेना. 1913 मध्ये मालकाने क्लब उचलला आणि थेम्स ओलांडून उत्तरेला हायबरीत नेऊन ठेवला. शेजारच्या टॉटनमने त्याला विरोधही केला होता. गाव हीच कसोटी मानली तर हायबरीत त्या वर्षी तिकीट काढणारा प्रत्येक माणूस उपराच होता, कारण त्याच्या बापाने आर्सेनलला कधी पाहिलेलं नव्हतं. आज त्याच हायबरीची पणतवंडं आर्सेनलला वडिलोपार्जित म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. विम्बल्डनच्या वेळी जे पाप ठरलं तेच आर्सेनलच्या वेळी शंभर वर्षांत परंपरा झालं. मग ही कसोटी गावाची आहे असं म्हणता येईल का?

लिव्हरपूलची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अॅनफिल्ड हे मैदान आधी एव्हर्टनचं होतं. तिथे खेळतच एव्हर्टनने 1891 मध्ये लीग जिंकली. पुढच्या वर्षी भाड्यावरून मैदानाचा मालक जॉन हौल्डिंगशी भांडण झालं, एव्हर्टन स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेलं, आणि रिकाम्या मैदानासाठी हौल्डिंगने नवा क्लब काढला: लिव्हरपूल. म्हणजे 2025 पर्यंत एकाच वस्तीत, एका बागेच्या दोन बाजूंना दोन क्लब होते. तिथे जन्मलेलं पोर लाल होणार की निळं, हे त्याच्या पत्त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. एकाच घरात दोन्ही रंगांचे स्कार्फ खुंटीला लटकलेले असतात. गाव एकच असेल तर निवड कोण करतं?

कोलकात्याकडे या. 1920 मध्ये जोराबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बसूला वगळलं, त्या रागातून सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. तेव्हा तो पूर्व बंगालमधून कोलकात्यात आलेल्यांच्या मानापमानाचा प्रश्न होता. सत्तावीस वर्षांनी फाळणी झाली. घरदार, शेत, तळं मागे टाकून लाखो माणसं आली आणि कोलकात्याच्या कडेच्या वसाहतींत राहिली. त्यांना या शहरात आपलं म्हणावं असं फार थोडं होतं. मैदानावर एक क्लब होता ज्याच्या नावात त्यांचा हरवलेला प्रदेश होता. ते त्याच्या मागे उभे राहिले. त्यांचा क्लब जिथे खेळत होता ते गाव त्यांचं नव्हतं, आणि जे गाव त्यांचं होतं तिथे तो क्लब नव्हता. या माणसांना कोण प्लॅस्टिक म्हणणार?

यावर कुणी म्हणेल, इंग्लंड आणि बंगाल ठेवा बाजूला, कोल्हापूर बघा. तिथे तर सगळं जन्मानेच ठरतं. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. पेठेत जन्मलात की तालीम, म्हणजे तुमचा संघ, ठरली. हा दाखला मला सगळ्यात जवळचा, म्हणून त्याच्याकडे जरा नीट पाहू. छत्रपती शाहू स्टेडियमवर मोसमाच्या अखेरीला, उन्हाळ्यातल्या दुपारी, चुरशीचा सामना असतो. पायऱ्या तापलेल्या असतात, तरी जागा मिळत नाही. आपापल्या कोपऱ्यात तालमींचे झेंडे, शिट्ट्या, घोषणा. अशा गर्दीत काकाच्या किंवा मामाच्या मांडीला खेटून बसलेलं सहा-सात वर्षांचं पोर शोधा आणि पाच मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. ते चेंडूकडे फारसं बघत नसतं. त्याला ऑफसाइड कळत नाही, डाव्या बाजूने झालेली चढाई कळत नाही. ते काकाच्या चेहऱ्याकडे बघत असतं. काका उठला की उठतं, काकाने कपाळावर हात मारला की गप्प होतं, गोल झाला की काकाच्या खांद्यावर चढतं. पंचाने आपल्या विरुद्ध निर्णय दिला की काय म्हणायचं, हेही ते तिथेच शिकतं. त्याची टीम ठरते ती त्या तापलेल्या पायऱ्यांवर, शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत.

आणि म्हणूनच पेठ सुटली तरी तालीम सुटत नाही. जुनं घर सोडून फुलेवाडीला, पाचगावला, राजारामपुरीत राहायला गेलेली कुटुंबं सामन्याला मात्र आपल्या जुन्या तालमीच्या घोळक्यात बसतात. बापाची एक तालीम आणि आजोळची दुसरी असेल, तर पोर बहुतेक वेळा त्या बाजूला जातं जिकडचा माणूस त्याला मैदानावर नेतो. कोल्हापुरातही पत्ता फक्त निमित्त आहे. ज्याला आपण जन्म म्हणतो ती खरं तर सोबत आहे, एवढंच की ती जन्मापासून हाताशी असते.

माझं म्हणणं हेच आहे. आयुष्यभराचा क्लब माणसाला माणसामुळे लागतो. आधी जीव त्या माणसावर असतो, क्लबवर तो मागून येतो. निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाने 'फीवर पिच' या 1992 च्या पुस्तकात आपली आर्सेनलची कहाणी सांगितली आहे. तो लंडनचा नव्हता, लंडनबाहेर मेडनहेडच्या बाजूला राहायचा. आईवडील वेगळे झालेले, वडील भेटायला यायचे आणि बापलेकांना बोलायला विषय नसायचा. 1968 मध्ये अकरा वर्षांच्या मुलाला वडिलांनी हायबरीला नेलं, स्टोकविरुद्धच्या सामन्याला. सामना काही डोळ्यांचं पारणं फेडणारा नव्हता, आर्सेनलने एका गोलने जिंकला. मुलाच्या मनावर ठसली ती आजूबाजूच्या मोठ्या माणसांची वैतागलेली, दुःखी तोंडं. खेळ बघायला गेलेल्या पोराने पुन्हा माणसांचे चेहरेच पाहिले. आणि बापलेकांना बोलायला विषय मिळाला.

आता पुण्यातल्या एखाद्या इंजिनीअरिंग हॉस्टेलची कॉमन रूम घ्या. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेला मुलगा, घरी फुटबॉलचा गंधही नाही. शनिवारी रात्री टीव्हीसमोर सीनियर बसलेले. पहिल्या वर्षाच्या मुलाला जागा करून देणारा, खिशातले पैसे काढून चहा पाजणारा सीनियर आर्सेनलचा असला की तोही आर्सेनलचा होतो. हिवाळ्यात चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतो. सकाळी आठला प्रॅक्टिकल असताना घोंगडी गुंडाळून जी पाच-सहा पोरं त्या सामन्याला बसतात, त्यांना त्या रात्री पुढे कधीच विसरता येत नाहीत. कॉलेज संपतं, सीनियर बंगळुरूला किंवा दुबईला जातो, पण गोल झाला की पहिला फोन त्यालाच जातो. शाहू स्टेडियमच्या पायरीवरच्या पोरापेक्षा हा मुलगा कुठे वेगळा आहे? त्याचा काका त्याला अठराव्या वर्षी भेटला, इतकंच.

'हे सगळे यशामागे धावणारे' हा आरोप आणखी थोडक्यात निकालात काढता येतो. काही धावतात, नाकारायचं कारण नाही. 2016 मध्ये लीस्टरने लीग जिंकली तेव्हा जगभर त्यांचे टी-शर्ट दिसले, आणि 2023 मध्ये ते खाली घसरले तेव्हा त्यातले बहुतेक कपाटात गेलेले होते. पण आर्सेनलने 2004 मध्ये एकही सामना न हरता लीग जिंकली, ती पाहून जे मराठी पोर त्यांचं झालं, त्याला पुढची वीस वर्षं लीग दिसली नाही. लिव्हरपूलला 1990 नंतर थेट 2020 मध्ये लीग मिळाली. मँचेस्टर युनायटेडचं 2013 ला प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त झाल्यानंतर काय झालं ते सांगायला नको. एवढ्या वर्षांत क्लब बदलायला कुणाची बंदी होती? इथला मुलगा बदलला नाही. यशाचा लोभ असता तर तो कधीच मँचेस्टर सिटीकडे गेला असता.

दुसऱ्या टोकाला एक शहाणा गट आहे. तो म्हणतो, क्लब डोळसपणे निवडा: खेळण्याची पद्धत बघा, मालक कोण, पैसा कुठून येतो ते बघा, मग ठरवा. ही वृत्ती मोबाइल घेताना ठीक. प्रशिक्षक दोन वर्षांत जातो, पद्धत त्याच्याबरोबर जाते, मालक क्लब विकतो. कारणांवर उभी राहिलेली निष्ठा ती कारणं संपली की संपते. ज्याच्या शेजारी बसून पहिला गोल पाहिला तो माणूस मात्र बदलत नाही.

सगळ्यात गंभीर आरोप शेवटचा: परदेशी क्लबांच्या वेडाने आपलं फुटबॉल मरतंय. इथे मी आवाज चढवून बोलेन, कारण दोष भलत्याच माणसावर ढकलला जातोय. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 1962 पासूनचा क्लब, 2005-06 चा राष्ट्रीय लीग विजेता. 2010 मध्ये तो बंद केला गेला. पुणे एफसी 2007 मध्ये सुरू झाला, 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि काही वर्षांत दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आला, 2019 मध्ये गेला, त्याची जागा हैदराबादने घेतली. गोव्यात धेंपो आणि साळगावकर हे क्लब घराघरांत पोचलेले होते. 2016 मध्ये त्यांनी आणि स्पोर्टिंग क्लब द गोवाने राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली, कारण महासंघाच्या नव्या रचनेत त्यांना दुय्यम स्थान दिलं जात होतं. आता सांगा, कुणी कुणाला सोडलं? पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर मुलीला घेऊन गेलेल्या बापाने पाच वर्षांनी तिला काय सांगायचं? पाठीराखा तिथेच बसला होता, क्लब उठून गेला.

याउलट कोल्हापूर बघा. वर्ल्ड कप आला की हेच शहर मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे माडीएवढे कटआउट उभे करतं, ब्राझील आणि अर्जेंटिना अशी गल्ल्यागल्ल्यांत वाटणी होते. रात्री दीडला युरोपातला सामना बघणारी पोरंच दुसऱ्या दिवशी दुपारी शाहू स्टेडियमवर तालमीसाठी ओरडतात. परदेशी क्लबाने तालीम मारली नाही. तालमी टिकल्या, कारण त्या पिढ्यान् पिढ्या तिथेच आहेत आणि पोराला मैदानावर नेणारा काका दर पिढीला तयार होतो. याच मातीतून अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. पेठेच्या ईर्ष्येला हाणामारीचीही बाजू आहे, तिचं समर्थन होऊ शकत नाही, आणि तिला आवर घालण्याचं काम तालमींमधल्या वडीलधाऱ्यांचंच आहे. पण गर्दीसाठी त्या स्टेडियमला जाहिरात करावी लागत नाही, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही फुटबॉल मैदानाबद्दल म्हणून दाखवा.

तेव्हा क्लब काढणाऱ्यांना एक सांगणं: पाच वर्षांचा हिशेब मांडून क्लब काढणार असाल तर काढूच नका. पोराला टीम लागायला एक दुपार पुरते, पण ती टीम त्याच्या पोरापर्यंत पोचायला वीस वर्षं तिथे असावी लागते. आणि ज्यांना आपल्या मातीतला फुटबॉल जगावा असं मनापासून वाटतं त्यांनी रात्रीचे सामने बघणाऱ्या पोरांना नावं ठेवणं आता थांबवावं. तुमच्या घरातल्या, शेजारच्या एखाद्या मुलाला, मुलीला या मोसमात मैदानावर घेऊन जा. अंगात आर्सेनलचा टी-शर्ट असला तरी चालेल. कोल्हापुरात असाल तर शाहू स्टेडियमवर, मुंबईत असाल तर अंधेरीला, गोव्यात असाल तर फातोर्ड्याला, आणि यांतलं काहीच जवळ नसेल तर जिल्ह्याच्या शाळांचे सामने जिथे भरतात तिथे. एकदा नेऊन थांबू नका, पुढच्या सामन्यालाही न्या.