विश्रांतीच्या नावाखाली

कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा. नोकरीनिमित्त कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे ही वाट तुडवतात. एके दिवशी निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि घरची मंडळी प्रेमाने सांगतात, “आता आराम करा.” या वाक्याला माझा विरोध आहे.

कारण तो आराम नसतोच. पुरुष निवृत्त झाला की वृत्तपत्र घेऊन ओसरीवर बसतो. स्त्री निवृत्त झाली की पूर्णवेळ स्वयंपाकघरात शिरते. हात जुंपलेलेच राहतात, रजेवर जाते ती बुद्धी. बँकेचे पुस्तक मुलाच्या कपाटात, निर्णय इतरांच्या हाती. पुढे ती नावे विसरू लागली की आपण म्हणतो, “वय झाले!”

सारा दोष वयाचा नाही. साठीपुढील भारतीयांच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले अनुमान असे : स्मृतिभ्रंशाचे प्रमाण पुरुषांत ५.८ टक्के, तर स्त्रियांत ९ टक्के. लॅन्सेट आयोगाने २०२४ साली या विकाराची बदलता येण्याजोगी १४ कारणे नोंदविली. त्यांत अपुरे शिक्षण, बहिरेपण, उपचाराविना राहिलेली अधू दृष्टी आणि एकाकीपणा आहे. ही कारणे दूर झाली, तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा विकार टळू वा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे.

“या वयात काय शिकायचे?” असे कोणी विचारील. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा उघडली. साठी उलटलेल्या बायका गुलाबी साडी नेसून, पाटी घेऊन तेथे अक्षरे गिरवू लागल्या. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.

पावसाळ्यात कारध्याच्या पुलाशी वैनगंगेची पातळी मोजतात, कारण पूर आल्यावर धावून उपयोग नसतो. तीच दूरदृष्टी घरात का नसावी? आईचे कान-डोळे वेळीच तपासून घ्या. तिचे बँकेचे पुस्तक तिच्या हाती द्या. घरातील पुरुषांनी रोज दोन तास चूल सांभाळावी. आणि धर्मग्रामाने तिला केवळ वेदी सजवायला न बोलावता मुलांना शिकवायला, हिशेब तपासायला, गावच्या आठवणी लिहायला बोलवावे.

शाली पुष्कळ झाल्या. आता तिला काम द्या, डोक्याचे!